बोलता बोलता खाली जाणारी नजर

टेकडीवाली (शनिवार, सकाळी १०.१२)

मोबाइलवर दिवसाचे किती तास जातात यावर इथे दोन-चार धागे येऊन गेलेत. मला तासांबद्दल बोलायचं नाही. एखादा माणूस रात्री एकटा बसून दोन तास रील्स बघत असेल तर तो त्याचा आणि त्याच्या झोपेचा प्रश्न. मला बोलायचंय ते दोन-तीन सेकंदांबद्दल. समोरचा काहीतरी सांगत असतो, आपला फोन थरथरतो किंवा नुसता उजळतो, आपली नजर खाली जाते आणि लगेच वर येते. "हं, बोल, ऐकतेय." तो पुढे बोलतो. पण जे सांगायला आला होता ते आता सांगत नाही. त्यातलं सोपं तेवढं सांगतो आणि विषय बदलतो.

माझं म्हणणं असं आहे की नात्यांचं खरं नुकसान या सेकंदांत होतं.

आपल्याकडे कुणीही मुद्द्याचं सुरुवातीला बोलत नाही. आधी पाऊस, मग खडकवासल्यात पाणी किती, मग मेट्रोच्या कामासाठी कुठला रस्ता बंद, मुलांच्या परीक्षा. चहा होतो, कप खाली ठेवले जातात, जरा वेळ कुणीच काही बोलत नाही. आणि मग येतं, "अगं, एक सांगायचं होतं." नोकरी गेलेली असते, कुठेतरी गाठ लागलेली असते, मुलीचं लग्न मोडायला आलेलं असतं. हे सगळं कप खाली ठेवल्यानंतरच्या त्या गप्प वेळात बाहेर यायचं. आता कप खाली ठेवला की हात फोनकडे जातो, दोघांचाही. पाच मिनिटांनी "चल, निघते". ती काय सांगायला आली होती हे चार महिन्यांनी तिसऱ्याकडून कळतं.

कंटाळ्याचंही तेच. गाडीतून महाबळेश्वरला निघालं की खंबाटकीपर्यंत गाणी म्हणून व्हायची, मग सगळ्यांना कंटाळा यायचा, आणि कंटाळा आला की माणसं एकमेकांना काहीबाही विचारायला लागायची. वडिलांनी त्यांच्या वडिलांबद्दल जे काही सांगितलं ते मी अशाच प्रवासांत ऐकलंय. घरी मुद्दाम बसवून विचारलं असतं तर "काय सांगायचं त्यात" म्हणून उठले असते.

भांडणाबद्दल तर फारसं कुणी बोलतच नाही. दोन खोल्यांच्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं की अबोला धरणं हे कष्टाचं काम होतं. बोलायला दुसरं कुणी नाही, करायला दुसरं काही नाही, तेव्हा संध्याकाळपर्यंत कुणालातरी "मीठ दे" म्हणावंच लागायचं. आता दोघेही आपापल्या फोनमध्ये तोंड घालून चार दिवस आरामात काढू शकतात. रुसवा लांबवायला काहीच कष्ट पडत नाहीत, त्यामुळे तो लांबतो.

तुमच्याकडे काय चित्र आहे ते लिहा. उपदेश नकोत. आणि "मोबाइल वाईट नसतो, वापरणारा वाईट असतो" हे वाक्य कृपया कुणी लिहू नका, ते सगळ्यांना पाठ आहे.

वाफाळता_चहा (शनिवार, सकाळी १०.२०)

मोबाइल वाईट नसतो, वापरणारा वाईट असतो.

(पळा!)

पेठकर (शनिवार, सकाळी १०.५१)

ताई, पुण्याचं एक खास नुकसान तुमच्या यादीत राहिलं. पत्ता विचारणं. आमच्या सदाशिव पेठेत पत्ता विचारणारा माणूस म्हणजे दुपारची करमणूक असायची. "अमुक बोळ कुठे?" म्हटल्यावर "कुणाकडे जायचंय?" इथून सुरुवात, मग "ते तर मागेच वारले", मग त्यांच्या भावाचा वाडा कुणी बिल्डरला दिला, आणि शेवटी "सरळ जा, पण वन-वे आहे, पोलीस उभा असतो". आता माणूस कानात बाईचा आवाज घेऊन बोळात शिरतो, पुढे भिंत लागते, आणि तरीही कुणाला विचारत नाही. यू-टर्न घेऊन निघून जातो. आम्ही खिडकीत बसलेलो असतो, ज्ञान वाया जातं.

दुचाकीवर मागे बसून रस्ता सांगणारी बायको ही संस्थासुद्धा बुडाली. "डावीकडे म्हटलं होतं ना" यावर किती संसार उभे होते!

बाकी आमच्या दाराला पाटी लावायचा विचार आहे: जोडे आणि फोन बाहेर काढून यावे. दोन्हींच्या चोरीस मालक जबाबदार नाहीत.

रानजाई (शनिवार, सकाळी ११.०५)

:हाहा: पेठकर, पाटीचा फोटो टाका.

आबा_सहकारनगर (शनिवार, दुपारी १२.४०)

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क सांगतो.

फोनवर बोलणं महाग होतं तोवर फोन आणि बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. घरी फोन यायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. एसटीडीला रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून पिवळ्या पाट्यांच्या बूथबाहेर तेव्हा रांगा. आत मीटर पळतोय, बाहेरचा माणूस काचेवर टकटक करतोय, अशात "पोचलो, बरा आहे, आईला सांग" एवढंच व्हायचं. उरलेलं बोलणं घरी गेल्यावर. ३१ जुलै १९९५ रोजी बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला. त्यानंतर बरीच वर्षं आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, तोवर आपल्या लोकांनी मिस्ड कॉलची भाषा तयार केलीच होती. एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे खाली ये. २०१६ नंतर डेटा इतका स्वस्त झाला की हिशेबच संपला. तेव्हा माणसं बिघडली असं मी म्हणणार नाही. वस्तू स्वस्त झाली की ती जिथे तिथे सांडते.

आता माझं दुःख. आमचा सकाळी तळजाई टेकडीवर फिरायला जाणारा गट आहे, सगळे पंच्याहत्तरीच्या आसपासचे. पूर्वी कुणी केरळला जाऊन आला की तीन-चार सकाळी त्याच्या. तो सांगायचा, आम्ही मधे मधे खोडायचो, तो आणखी तिखटमीठ लावायचा. आता तो केरळात असतानाच रोज चाळीस फोटो ग्रुपवर. परत आला की "काय, कशी झाली ट्रिप?" "फोटो पाहिले ना?" "पाहिले, पाहिले." झालं. बोलायला उरलंच काय? विनोद सांगायला तोंड उघडावं तर "कालच आला होता ग्रुपवर". कुणी गेल्याची बातमीसुद्धा हात जोडलेल्या चित्रांच्या रांगेत येते. पूर्वी अशी बातमी घेऊन कुणीतरी दारात यायचं, मग दोघे मिळून जरा वेळ बसायचे.

टेकडीवाली म्हणतात त्या सेकंदांपेक्षा मला हे जास्त खुपतं. भेटण्याआधीच सगळं सांगून झालेलं असतं.

टेकडीवाली (शनिवार, दुपारी १.१५)

आबा, "पाहिले ना?" हे अगदी खरं. आमच्याकडे बाळ झालं तरी भेटायला आलेले लोक बाळाकडे बघून "फोटोत जरा गोरा वाटत होता" म्हणतात.

मधली_सून (शनिवार, दुपारी ३.२८)

जरा वेगळं लिहिते, राग मानू नका.

आमच्या घरी नऊ माणसं. साबुंच्या (सासरेबुवांच्या) हातात फोन असला तर त्या बातम्या. नवऱ्याच्या हातात असला तर ते काम. दिरांच्या हातात असला तर शेअर बाजार. सासूबाईंच्या हातात असला तर प्रवचन. माझ्या हातात असला की ते व्यसन. जेवताना फोन नको हा नियम आमच्याकडे आहे, आणि तो मला आणि मुलांना लागू आहे. साबु पोळी खाता खाता कुणातरी नेत्याचं भाषण मोठ्या आवाजात लावतात. त्यांना कोण सांगणार?

त्यामुळे "मोबाइलने घरातला संवाद संपला" असं कुणी म्हटलं की मी विचारते, आधी कुणाचा संवाद चालू होता? माझ्या आईच्या सासरी फोन हॉलमध्ये होता, डायलला छोटं कुलूप, किल्ली आजोबांकडे. माहेरहून आजीचा फोन आला की आई पाच जणांसमोर "हो, बरी आहे, सगळं छान आहे" एवढंच बोलायची. ती बरी नव्हती. हे आजीला कळायला दिवाळीत माहेरी जावं लागायचं, तेही पाठवलं तर. मी दुपारी भांडी आवरल्यावर गच्चीवर जाऊन बहिणीशी वीस मिनिटं बोलते. त्या वीस मिनिटांवर माझा बाकीचा दिवस चालतो. घरच्यांच्या दृष्टीने तेव्हा मी "सारखी फोनवर" असते.

कप खाली ठेवल्यानंतरची शांतता वगैरे छान आहे, ताई. पण ते कप नंतर विसळायला कोण उठायचं? त्या शांततेत बसायला मिळायचं कुणाला?

अनुस्वार (शनिवार, दुपारी ३.४४)

मधली_सून, _/\_
हा प्रतिसाद प्रिंट काढून आमच्या फ्रिजवर लावणार आहे.

शंकासुर (शनिवार, संध्याकाळी ५.०२)

नेहमीप्रमाणे मी थंड पाणी ओततो.

टेबलावर नुसता फोन ठेवला तरी बोलण्यातली जवळीक कमी होते, हा दावा ज्यावरून पसरला तो इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठाचा प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांच्या जोड्या, दहा मिनिटं गप्पा. काही जोड्यांच्या जवळ फोन ठेवलेला, काहींच्या जवळ त्या जागी वही. फोनवाल्यांनी एकमेकांबद्दल जवळीक कमी वाटल्याचं सांगितलं, आणि विषय मनातला असेल तर फरक जास्त होता. वर्तमानपत्रांना हे फार आवडलं. पुढे दुसऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला तर परिणाम तसा दिसला नाही. हे मात्र कुणी छापलं नाही.

त्यापेक्षा मला २०१८ चा कॅनडातला अभ्यास जास्त पटतो, कारण तो खऱ्या जेवणावर आहे. व्हँकुव्हरच्या एका कॅफेत तीनशेहून जास्त लोकांना मित्र किंवा घरच्यांबरोबर जेवायला बसवलं. काही गटांना फोन टेबलावर ठेवायला निमित्त दिलं, काहींना आत ठेवायला सांगितलं. ज्यांचे फोन टेबलावर होते त्यांचं लक्ष जास्त विचलित झालं आणि जेवणाची मजा कमी आली. पण किती कमी? थोडीशीच. दोन्हीकडच्या लोकांना एकंदरीत मजा आलीच. तेव्हा "नाती उद्ध्वस्त" वगैरे शब्द जपून वापरावेत.

दुसरं म्हणजे "व्यसन" हा शब्द आपण सर्रास वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे, "मोबाइलचं व्यसन" नावाचा आजार नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी खास क्लिनिक चालतं, तेव्हा त्रास खरा आहे, उपचारही आहेत. पण सूनबाई दुपारी बहिणीशी बोलतात ते व्यसन नव्हे.

आणि तिसरं. कंपन्यांकडे दुर्लक्ष नको. खाली खाली सरकवत राहा, पान संपतच नाही, ही युक्ती एझा रास्किन यांनी २००६ मध्ये काढली आणि पुढे त्यांनीच जाहीरपणे त्याबद्दल खंत व्यक्त केली. पूर्वी पेपर संपायचा. संपला की घडी घालून माणूस समोर बघायचा. आता संपण्याची जागाच काढून टाकलीय, आणि आपण एकमेकांना मनोनिग्रह शिकवतोय.

टेकडीवाली (शनिवार, संध्याकाळी ६.३०)

शंकासुर, "थोडीशीच" या शब्दावर माझा आक्षेप आहे. एका जेवणात थोडीशी मजा कमी झाली तर काहीच बिघडत नाही, मान्य. पण कॅफेतले लोक एकदाच जेवले. घरात आपण रोज दोनदा जेवतो, त्याच माणसांबरोबर, तीस-तीस वर्षं.

मधली_सून, तुमचा मुद्दा मला धाग्याच्या विरुद्ध वाटत नाही. तुमच्या साबुंची नजर भाषणात असते तेव्हा ताटावरच्या बाकी आठ जणांना बोलता येत नाही, आणि त्यांना कुणी टोकत नाही. सेकंद कुणाचे वाया गेले आणि बोल कुणाला लागले, या दोन गोष्टी वेगळ्या निघाल्या हे मात्र तुम्ही नेमकं पकडलंत. आमच्याकडेही मुलांना जो नियम आहे तो त्यांच्या बाबांना नाही. "माझं कामाचं असतं."

हिंजवडीचा_वारकरी (शनिवार, रात्री ९.५५)

"माझं कामाचं असतं" म्हणणाऱ्या बाबांचा प्रतिनिधी हजर आहे.

ताई, खरंच कामाचं असतं हो. आमच्या टीमला आठवड्याची पाळी असते. त्या आठवड्यात रात्री कधीही सर्व्हर पडला की फोन वाजतो आणि दहा मिनिटांत लॅपटॉप उघडावा लागतो. क्लायंट अमेरिकेत, त्यांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, म्हणजे बरोब्बर घरचं जेवण. त्यातून टीमचा ग्रुप. साहेब रात्री साडेदहाला "जागे आहात का सगळे?" असं टाकतात, त्यावर पहिला अंगठा कुणाचा पडतो हे सगळे बघतात. अप्रेझलच्या वेळी कुणी बोलून दाखवत नाही, पण लक्षात ठेवतात.

बायको एकदा म्हणाली, तू घरी येतोस तेव्हा तुझं बोलून संपलेलं असतं. खरं आहे. वाकडच्या पुलाखाली अडकलेलो असतानाच मी दोन कॉल केलेले असतात. घरी आल्यावर तिने "काय झालं आज?" विचारलं तर मला पुन्हा तेच उगाळायचा वैताग येतो. मग ती विचारायचं सोडते.

त्यामुळे फोन बाजूला ठेवा हे घरच्या घरी सांगून होणारं काम नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून ऑफिस सुटल्यावर कामाचे मेसेज न बघण्याचा हक्क कायद्यात आहे. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं. खासदाराने स्वतःहून मांडलेली अशी विधेयकं सहसा मंजूर होत नाहीत, ते आपल्याला माहीत आहेच. तोवर माझा फोन ताटाशेजारी पालथा पडलेला असणार. उताणा नाही, पालथा. एवढीच प्रगती.

वाफाळता_चहा (शनिवार, रात्री १०.०३)

पालथ्या फोनवर पाणी! :फिदी:

बालवाडीची_ताई (रविवार, सकाळी ८.४५)

मोठ्यांचं मोठ्यांनी बघावं. मला सर्वात जास्त काळजी वाटते ती अडीच-तीन वर्षांच्या मुलांची.

आमच्याकडे दरवर्षी काही मुलं अशी येतात की त्यांना घास भरवायला गेलं की ती समोर फोन शोधतात. नाही दिसला तर तोंड उघडत नाहीत. घरी कसं होतं ते लगेच कळतं: कार्टून चालू, तोंड आपोआप उघडतं, आई किंवा आजी घास सारते आणि तिचाही दुसरा हात तिच्या फोनवर. ताटात काय होतं हे मुलाला माहीत नसतं. पण मला ताटापेक्षा बोलण्याची चिंता आहे. "हा चिऊचा, हा काऊचा" म्हणत भरवायचो तेव्हा मूल आपल्या तोंडाकडे बघायचं, शब्द उचलायचं, "नको" म्हणायला शिकायचं, आपण खोटं रागवायचो, ते हसायचं. एका वरणभाताच्या वाटीत किती बोलणं व्हायचं! कार्टून बोलतं पुष्कळ, पण मुलाने काही म्हटलं तर थांबून ऐकत नाही.

एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग तिला सांगतात, दोनेक मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवा, प्रतिसाद देऊ नका. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, ओरडतं, सगळ्या युक्त्या वापरून झाल्या की मान फिरवतं, काही रडतात. तेव्हा मोबाइल नव्हते. फोन बघणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो ते एकदा बसमध्ये नीट बघा. अलीकडे आईच्या हातात फोन देऊनही असे प्रयोग झालेत, आणि बाळं तशीच अस्वस्थ झाली.

जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं सांगणं आहे की दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत स्क्रीन नको, दोन ते चार वयात दिवसाला एक तासाच्या वर नको, कमी असेल तर उत्तम. पालकसभेत मी हे सांगते. सांगत असताना निम्म्या माना खाली असतात. :)

आयांना दोष देत नाही, हेही लिहून ठेवते. एकटी आई, वन बीएचके, सासू-सासरे गावी, नवरा वरच्या हिंजवडीच्या प्रतिसादातला. तिने पोळ्या कधी लाटायच्या?

हिंजवडीचा_वारकरी (रविवार, सकाळी ९.१०)

ताई, तो नवरा मीच असण्याची दाट शक्यता आहे. मुलगा तीन वर्षांचा.

रानजाई (रविवार, सकाळी ११.३२)

माझा धाकटा भाऊ जन्मापासून ऐकू शकत नाही. आमच्या घरात फोन ही वस्तू त्याच्यासाठी वर्षानुवर्षं भिंतीवरच्या घड्याळासारखी होती, त्याच्या उपयोगाची नसलेली. व्हिडिओ कॉल आले आणि तो कोल्हापूरच्या मित्राशी पहिल्यांदा "फोनवर बोलला". खुणांनी, तासभर, आम्ही सगळे दारात उभं राहून बघत होतो. त्यामुळे मोबाइलला शिव्या देणाऱ्या धाग्यांत मी सहसा येत नाही.

पण टेकडीवालींच्या सेकंदांबद्दल एक सांगते. खुणांच्या भाषेत बोलताना नजर खाली गेली की ऐकणं बंद. तिथे "बोल, ऐकतेय" असं म्हणताच येत नाही. भाऊ आणि त्याचे मित्र जेवायला बसले की फोन आपोआप बाजूला जातात, कुणी नियम केलेला नाही. कुणाला मेसेज बघायचाच असेल तर तो हाताने खूण करतो, थांब, मग बघतो, मग परत वर बघतो, आणि समोरचा जिथे थांबला होता तिथून पुढे सांगतो. आपल्याला कान असल्यामुळे आपण ऐकल्याचं नाटक करू शकतो. माझ्या भावाशी मला ते कधी करता आलं नाही, आणि बहुतेक म्हणूनच घरात माझ्याबद्दल सर्वात जास्त माहिती त्याला आहे.

टेकडीवाली (रविवार, दुपारी १२.०४)

रानजाई, "थांब, बघतो, आता सांग" ही रीत मी उचलणार. फोन बघण्यापेक्षा न सांगता बघणं जास्त लागतं.

कडेगावकर (रविवार, दुपारी २.१९)

पुण्यात वारज्याला राहतो, मूळचा सांगलीकडचा. आमच्या तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावाबद्दल इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. लॉकडाउनमध्ये शाळा मोबाइलवर गेली, शाळा उघडली तरी मोबाइल पोरांच्या हातातून सुटेना. मग गावाने ठरवलं: रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजणार, टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा. १५ ऑगस्ट २०२२ पासून सुरू झालं. आशाताई, अंगणवाडीताई, निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन समजावत होते. उद्देश पोरांच्या अभ्यासाचा होता, पण दीड तास मोठ्यांनाही काही करायला नाही म्हटल्यावर ते एकमेकांशीच बोलणार.

त्याच वर्षी यवतमाळमधल्या बान्शी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलबंदीचा ठराव केला होता. मला वडगावचं जास्त पटतं, कारण भोंगा सरपंचालाही ऐकू येतो. मधली_सून यांच्या घरी जे अडलंय ते तिथे सुटतं. सासऱ्याला सुनेने सांगायचं नाही, भोंग्याने सांगायचं.

मधली_सून (रविवार, दुपारी २.४०)

भोंगा कुठे मिळतो? आजच आणते. :)

पेठकर (रविवार, दुपारी ३.५५)

पुण्यात सोसायटीत भोंगा? आधी सर्वसाधारण सभा. त्यात भोंग्याचा आवाज किती डेसिबल यावर दीड तास. मग दुपारी एक ते चार वाजणार नाही अशी उपसूचना, जरी तो सातला वाजणार असला तरी. मग भाडेकरूंना भोंगा लागू आहे का. शेवटी खर्च कोणत्या फंडातून, म्हणून विषय पुढच्या सभेवर. आणि ही सगळी चर्चा व्हॉट्सअॅप ग्रुपवर, जेवणाच्या वेळेत.

आबा_सहकारनगर (रविवार, संध्याकाळी ५.१०)

भोंगा राहू द्या. आमच्या तळजाई गटात आज मी एक प्रस्ताव मांडला: सहलीचे फोटो परत आल्यावरच टाकायचे, आणि टाकण्याआधी एक सकाळ तोंडी. जोरदार विरोध झाला. एक जण म्हणाले, फोटो टाकले नाहीत तर मुलगा न्यू जर्सीहून काळजीने फोन करतो. मी म्हटलं, मग चांगलंच आहे की. ते चिडले. दुसरे म्हणाले, अहो, आपल्याला आता सांगताना नावं आठवत नाहीत, फोटो असले की बरं पडतं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात दोघे हंपीला चाललेत, ते तयार झालेत. बघू.

हिंजवडीचा_वारकरी (रविवार, रात्री ८.२०)

मी रात्री आठ ते नऊ फोन आतल्या खोलीत ठेवायचं म्हणतोय, पाळीचा आठवडा सोडून. अडचण एकच. आई एकटी चिंचवडला असते, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तिचा फोन चुकायला नको. ही भीती काढायला काही उपाय?

शंकासुर (रविवार, रात्री ८.४१)

आहे. डू नॉट डिस्टर्ब चालू करा आणि आईंचा नंबर स्टार लावून ठेवा. मग ठरावीक नंबरांचेच फोन वाजतील, बाकी सगळे गप्प. "रिपीट कॉलर"चा पर्यायही चालू ठेवा. म्हणजे त्या शेजाऱ्यांच्या फोनवरून करत असतील, तरी त्याच नंबरवरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला की वाजतो. आवाज मोठा ठेवा आणि खोलीचं दार उघडं. रोज आठ ते नऊचं वेळापत्रक लावता येतं, म्हणजे हाताने चालू करायला नको, आणि त्या निमित्ताने मेसेज बघितले जायला नकोत.

हिंजवडीचा_वारकरी (रविवार, रात्री ८.५०)

आयफोनवर?

शंकासुर (रविवार, रात्री ८.५३)

सेटिंग्जमध्ये फोकस, त्यात डू नॉट डिस्टर्ब, त्यात लोक निवडायचे. रिपीटचा पर्याय तिथेच खाली आहे, फक्त तिथे पंधराऐवजी तीन मिनिटांत दुसरा फोन यावा लागतो. आणि आता आठ-त्रेपन्न झालेत, तुम्ही इथे काय करताय?